मागनं जेवणारी

लग्नाला बावीस वर्षं झाली तरी आमच्या घरात मला जेवताना कुणी बघितलेलं नव्हतं. हे मी गाऱ्हाणं म्हणून सांगत नाही. आमच्या शेळगावात निम्म्या घरांतनं असंच आहे. आधी पुरुष, मग म्हातारी माणसं आणि पोरं, आणि सगळ्यांचं आटोपलं की सून. "मी बसते मागनं" हे वाक्य मी सासरी पहिल्या आठवड्यातच शिकले. पुढं माझा सगळा आजार त्या वाक्याआड लपून राहिला.

मी काही डॉक्टर नाही. बारावी झालेली, पेरूच्या बागेत राबणारी बाई आहे. माहेर कन्हेरीचं. हे लिहितेय ते अशासाठी, की कुणी बाई भरदुपारी दाराआड उभी राहून शिळी भाकरी तोंडात कोंबत असेल आणि तिला स्वतःची किळस येत असेल, तर तिनं हे वाचावं. पुरुषांनीही वाचावं, पण ते वाचतील असं मला वाटत नाही.

चार वाजताची भीती

पिशवीचं ऑपरेशन झालं तेव्हा मी चाळीसची होते. त्यानंतर पाचसहा महिन्यांनी हे सुरू झालं. त्याच्यामुळंच झालं का, ते डॉक्टरांनी पुढंही ठामपणे सांगितलं नाही. आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, मात्र लगेच सांगून टाकलं, "पिशवी काढली की बाईचं डोस्कं फिरतंय." विषय संपला.

दुपारचं आवरलं, घर शांत झालं की साडेतीन-चारला छाती धडधडायला लागायची. कशाची भीती ते सांगता यायचं नाही. काही झालेलंच नसायचं. आमचे हे बागेत, आमची पोरगी पियू कॉलेजला, आत्या ओसरीवर आडव्या. तरी आता फोन वाजणार, काहीतरी वाईट कळणार, असं वाटून माझे हात गार पडायचे. छातीवर पाटा ठेवल्यासारखं जड व्हायचं. आणि एक दिवस मला शोध लागला, की चावत असेपर्यंत भीती थांबते. शेंगदाणे असोत, गूळ असो, सकाळची भाकरी असो. तोंड चालू आहे तोवर बरं. गिळलं की परत सुरू.

मग काय, खात सुटले. उभ्यानं, घाईघाईनं. मूठभर साखर. फरसाणाची अख्खी पुडी. पाहुण्यांसाठी ठेवलेली बिस्किटं. पोट तट्ट फुगायचं आणि मग अशी शरम वाटायची की संध्याकाळी ताटाला हात लावायचे नाही. सगळ्यांना वाढायचे, मी बसते मागनं म्हणायचे, आणि सगळी उठली की सरळ भांडी घासायला घ्यायचे. कधी दोन दोन दिवस नुसत्या चहावर. तिसऱ्या दिवशी चार वाजता परत तेच.

सकाळी उठून केस विंचरायचं जिवावर यायचं. पियू काही विचारायची तर उत्तर द्यायचाही कंटाळा. पोरगी आपली एकुलती एक, आणि तिचा आवाज आला की मला वाटायचं, हिनं आत्ता माझ्याशी बोलू नये. आई असून असं वाटायचं. लिहितानाही लाज वाटते, पण खोटं लिहून कुणाला उपयोग नाही.

अंग मात्र भरत चाललं. आतनं माझं मढं झालेलं, आणि हळदीकुंकवाला बाया म्हणायच्या, "अंग धरलंय की गं. सुख मानवलं तुला."

"सुख कशाचं? घर खाल्लंय तिनं," आत्या म्हणायच्या. सगळ्या हसायच्या. मीही हसायचे.

इंदापूरला दाखवलं. थायरॉईड, शुगर, ईसीजी, सगळं चांगलं निघालं. ह्यांनी घरी येऊन ओसरीवरूनच सांगितलं, "कायबी न्हाय तिला. कमी खा म्हणलाय डॉक्टर."

रुखवत

पियूचं लग्न ठरलं. मुलगा पिंपळीचा, बारामतीजवळचा. लग्न फेब्रुवारीत. रुखवताचा फराळ, म्हणजे मुलीकडच्यांनी कार्यालयात मांडायचा तो, आचाऱ्याला सांगू असं हे म्हणत होते. मीच हट्ट केला. माझ्या पोरीचं रुखवत माझ्या हातचं असणार. बेसनाचे लाडू, अनारसे, करंज्या करून चार मोठे डबे आतल्या खोलीत नेऊन ठेवले. लग्नाला आठ दिवस होते.

ते आठ दिवस भीती चारपर्यंत थांबली नाही. सकाळी डोळा उघडला की छातीवर बसलेलीच. पोरगी जाणार. घरात मी, आत्या आणि मुका नवरा एवढंच उरणार. एक लाडू फुटलेला होता. फुटका मांडता येत नाही म्हणून खाल्ला. मग त्याच्या शेजारचा. मग मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की दार आतनं लावलेलं आहे, मी जमिनीवर बसलेय आणि डब्याचा तळ दिसतोय.

परत करीन, परत करीन म्हणत राहिले, आणि उरलेले डबेही जवळजवळ रिकामे होत गेले. पण घर पाहुण्यांनी भरलं. गॅस मोकळा नाही, मी मोकळी नाही. शेवटी मी काय केलं, तर वर्तमानपत्राचे बोळे करून डब्यांत भरले आणि वर कुठं लाडवांचा, कुठं अनारशांचा, कुठं करंज्यांचा एक थर लावला. झाकणं दाबून बसवली. कार्यालयातल्या गडबडीत कोण बघतंय, असं मला खरंच वाटलं. आजारी डोकं असाच विचार करतं.

कार्यालयात मुलाकडच्या बायकांना रुखवत बघायला बोलावलं. आत्यांनी मोठी परात मांडली आणि लाडवांचा ढीग रचायचा म्हणून डबा तिच्यात उपडा केला. आधी वरचे लाडू पडले, मग त्यांच्यावर कागदाचे बोळे. एक बोळा घरंगळत मुलाच्या आईच्या पायाशी जाऊन थांबला.

आत्यांनी दुसरा डबा उघडला, आत हात घातला आणि कागद बाहेर काढला. मग माझ्याकडं वळल्या. "पोरीचं रुखवत खाल्लंस?"

मी मान खाली घातली. तेच उत्तर.

मुलाच्या आईनं बोळा पायानं बाजूला सारला. "असू द्या. विहीणबाईंच्या हाताला चव असंल, ऱ्हावलं नसंल," त्या म्हणाल्या, आणि बायका हसल्या. काहींनी तोंडाला पदर लावला, काहींनी तोही लावला नाही.

पियू हळदीच्या साडीत दारात उभी होती. ती हसली नाही, रडलीही नाही. "आई, मला सांगायचं तरी," एवढंच म्हणाली. अक्षता पडेपर्यंत तिनं माझ्याकडं बघितलं नाही. पाठवणीला सगळ्यांच्या गळ्यात पडून रडली. माझ्या नुसत्या पाया पडली.

कुलूप

दुसऱ्या दिवसापासून दुपारचं आवरलं की आत्या स्वयंपाकघराला कुलूप घालायला लागल्या. चांगलं जाड पितळी कुलूप. किल्ली त्यांच्या कनवटीला. लग्नानंतर मागं राहिलेल्या पाहुण्यांनी बघितलं, शेजारणींनी बघितलं. मी ह्यांना म्हणाले, निदान माणसं असताना तरी काढायला सांगा.

"आईचं काय चुकलं? तुला आवरत न्हाय म्हणून घातलंय. तुझ्याच भल्यासाठी हाय," हे म्हणाले. बोलण्यात दुष्टावा नव्हता, म्हणून जास्त लागलं.

मग मी ठरवलं, आता खायचंच नाही. शिक्षा म्हणून. सकाळी भाकरी थापायच्या, वाढायचं, मी बसते मागनं म्हणायचं, आणि माझ्या वाटणीचं कुत्र्याला घालायचं. पाच दिवस हे चाललं आणि तीनच माणसं उरलेल्या घरात कुणाच्या लक्षात आलं नाही. येणार कसं? माझ्या ताटाकडं बघायची रीतच नव्हती. दुपारी कुलूप लागलं की मी शेततळ्याच्या काठावर जाऊन बसायचे. कशासाठी, ते लिहीत नाही. तुमच्यातलं कुणी तसं बसत असेल तर उठा आणि आजच्या आज कुणाला तरी सांगा. मी सांगितलं नाही, ती माझी अक्कल.

सहाव्या दिवशी बागेत पेरूचं क्रेट उचलताना पडले.

बारामती

दवाखान्यात हे केसपेपर काढायला गेले तेव्हा सलाईन लावणाऱ्या नर्सला मी खरं सांगितलं. तिनं माझा दंड हातात धरला आणि विचारलं, "पाच दिवस जेवला न्हाईत म्हणता? अंगावरनं वाटत न्हाय." उपाशी माणूस वाळकाच असतो, असं सगळ्यांना वाटतं. जाड बाई उपाशी आहे म्हटलं तर लोकांना हसू येतं.

दुसऱ्या दिवशी मनाच्या डॉक्टर आल्या. माझ्याहून लहान बाई, चष्मा, पायात साध्या चपला. त्यांनी ह्यांना विचारलं, "ह्या रोज काय जेवतात?"

"जेवती की. घरात काय कमी हाय व्हय?"

"तसं नाही. काल काय जेवल्या, परवा काय जेवल्या?"

"आमी जेवतो तेच की."

"तुम्ही त्यांना जेवताना शेवटचं कधी बघितलं?"

आमचे हे बाजारात व्यापाऱ्याला ऐकत नाहीत. पण इथं त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा पंख्याकडं. मग म्हणाले, "ती मागनं जेवती." डॉक्टरांनी तेवढंच लिहून घेतलं आणि त्यांना बाहेर बसायला सांगितलं.

मी सगळं सांगितलं. कागदाचे बोळेसुद्धा. त्यांनी च्यक च्यक केलं नाही. फक्त विचारलं, "लाडू कसे झाले होते?"

मला आठवेना. एवढे लाडू खाल्ले आणि एकाचीही चव मला माहीत नव्हती. तेव्हा जी रडायला लागले ती थांबता थांबेना.

चिंतेचा आजार आणि नैराश्य, असं त्यांनी नाव सांगितलं. कुणाचं ते झोपेतनं बाहेर येतं, कुणाचं दारूतनं. माझं खाण्यातनं आलं. भीती वाढली की कोंबायचं, उदासी वाढली की उपाशी राहायचं, आणि एकानं दुसरं वाढत जायचं. नाव कळल्यावर लोकांना बरं वाटतं म्हणे. मला राग आला. ह्याला इतकी वर्षं चांगलं दोन शब्दांचं नाव होतं, आणि मला मात्र हावरट म्हणून नाव मिळालं.

आठ दिवस ठेवून घेतलं. गोळ्यांनी सारख्या जांभया यायच्या, तोंडाला कोरड पडायची. साडेबाराला जेवणाची गाडी यायची तिची चाकं कुरकुरायची, आणि तो आवाज आला की मी पांघरूण डोक्यावरनं ओढून घ्यायचे. डॉक्टरांचा नियम एकच होता. तीन वेळा, बसून, कुणाच्या तरी सोबत जेवायचं. समोरच्यानं 'खा' म्हणायचं नाही, 'किती खाते' म्हणायचं नाही. नुसतं बरोबर जेवायचं. हे डबा घेऊन खाटेच्या कडेला बसायचे, भिंतीकडं तोंड करून. मीही खिडकीकडं. अनोळखी माणसांनी एसटी स्टँडवर जेवावं तसे आम्ही बावीस वर्षांनी एकमेकांसोबत जेवलो.

चौथ्या दिवशी ते अचानक म्हणाले, "तू डाव्या बाजूनंच चावतीस व्हय?"

"उजवी दाढ दुखती."

"कवापासनं?"

"पियू पाचवीत होती तवापासनं."

त्यांचा घास हातातच राहिला. "सांगायचं की."

"कवा सांगणार? तुमी उठल्यावर मी बसत होते."

दुसऱ्या दिवसापासून भाकरीचा कडक काठ मोडून स्वतःच्या ताटात घ्यायला लागले आणि मधला मऊ भाग माझ्याकडं सरकवायचे. माझ्यासाठी त्यांनी आपणहून केलेलं मला आठवतं ते एवढंच. पण ते मी विसरणार नाही.

घरी

घरी आल्यावर ह्यांनी आईला सांगितलं, डॉक्टरनं कुलूप काढायला लावलंय. आत्यांनी कुलूप किल्लीसकट माझ्यापुढं टाकलं. "घे. खा आता. समदं घर खा."

मी ते उचलून चमच्यांच्या डब्यात ठेवलं. टाकून द्यावंसं वाटलं नाही.

आत्या पुढं मऊ झाल्या असं तुम्हाला वाटत असेल तर ती गोष्ट दुसऱ्या कुणाची असेल. मी सगळ्यांच्या पंगतीत बसायला लागले तेव्हा त्या पंधरा दिवस माझ्याकडं पाठ करून जेवल्या. "आमी पातेल्याची खरवड खाऊन दिवस काढलं. आमाला कुठं असलं कायबाय झालं?" असं म्हणायच्या. कधीकधी वाटतं, त्यांनाही झालं असेल. त्यांच्याही ताटाकडं कुणी बघितलं नसेल. पण म्हणून मी त्यांना माफ केलेलं नाही.

आणि मी बरी झाले म्हणजे एकदम झाले असंही नाही. मे महिन्यात गोठ्यामागं उभी राहून फरसाणाची पुडी संपवली. डॉक्टरांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "ठीक आहे. संध्याकाळी जेवलात का?" जेवले होते. "मग चाललंय बरोबर," म्हणाल्या. तेवढ्या एका वाक्यावर मी महिना काढला.

पियूचा फोन यायचा तो बापाला. सहा महिने मी पलीकडच्या खोलीतनं तिचा आवाज ऐकला. एकेकाळी तोच आवाज मला नको वाटायचा.

पंचमी

लग्नानंतरची पहिली पंचमी, म्हणून हे तिला आणायला पिंपळीला गेले. गाडीतनं उतरली तेव्हा तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. गालाची हाडं वर आलेली. शेजारणी बघायला आल्या. "किती छान बारीक झाली गं," एकजण म्हणाली. "न्हायतर आई बघा." परत सगळ्या हसल्या. ह्या वेळी मी हसले नाही. ह्या वेळी मला पियूच्या मनगटाशिवाय काही दिसतच नव्हतं.

दुपारी ती मेंदी काढत बसली होती. मी शेजारी बसले. "तितं जेवतीस का न्हाय?" मी विचारलं.

"जेवते की."

"कवा?"

"सगळ्यांचं झाल्यावर."

मग तीच बोलली, मेंदीवरची नजर न काढता. "एकदा भात दुसऱ्यांदा घेतला, तर सासूबाई म्हणाल्या, आईवर गेलीया. सगळी हसली. मग मी घेतच न्हाय. रोज ते वाक्य हाय, आई. लाडू दिसला की हाय, डबा दिसला की हाय." मेंदीचा कोन तिनं खाली ठेवला. "तुझं तुझ्यापाशी ऱ्हायलं असतं तर बरं झालं असतं."

मी 'मी आजारी होते' म्हणू शकले असते. माझ्याकडं कागद होता, आजाराचं नाव लिहिलेला. पण तिच्या मनगटापुढं त्या कागदाचं काय करायचं? ती खरं तेच बोलत होती. माझ्या भीतीनं माझ्या पोरीचा घास तोडला होता, आणि आता ती उपाशी राहणार होती माझ्यासारखीच, सगळ्यांना वाढून, कुणाला न कळता.

पंचमीला आमच्याकडं तवा ठेवत नाहीत, काही चिरत नाहीत. पुरणाची दिंडं उकडतात. सणाच्या दुपारी मी पाच जणांचं होईल एवढं सगळं बाहेर आणून मांडलं. दिंडं, तूप, भात, आमटी. चार ताटं घेतली. आत्या बसल्या, हे बसले. पियूनं तुपाचं भांडं उचललं आणि वाढायला उभी राहिली.

"तू बस," मी म्हणाले.

"तुमी बसा. मी बसते मागनं."

माझंच वाक्य. माझाच सूर. ते ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. मी उठले, चमच्यांच्या डब्यातनं कुलूप काढलं, स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं आणि कडीला अडकवलं. किल्ली कनवटीला खोचली.

"जेवायचं तर आत्ता. हितं, समद्यांसंगं. मागनं ह्या घरात कुणालाबी कायबी मिळणार न्हाय."

"सणासुदीची काय थेरं ही?" आत्या म्हणाल्या.

"कुलूप तुमचंच हाय आत्या. मी नुसतं घातलंय."

हे थोडे बाजूला सरकले आणि त्यांच्या नि माझ्या मध्ये जागा झाली. पियू तुपाचं भांडं धरून तशीच उभी होती. भांडं तिनं रागानं खाली आदळलं. मग बसली.

दिंड मोडून तिनं ताटभर पसरलं आणि तुपात बोट फिरवत राहिली. ही युक्ती माझी होती, मला कशी कळणार नाही? "पसरू नगं. खा," मी म्हणाले. डॉक्टरांचा नियम मोडला ते कळलं, पण तोंडातनं गेलं होतं.

तिनं मान वर केली. "आधी तू खा," ती म्हणाली. "दाराआड न्हाय. माझ्यासमोर. मला बघायचंय."

दवाखान्यात नवऱ्यासमोर खाणं सोपं होतं. जिचं रुखवत खाल्लं तिच्या डोळ्यांसमोर आता गोड खायचं होतं. चार वाजले नव्हते, तरी छाती धडधडायला लागली. हात गार पडले. उठून आत जावं असं वाटलं, पण दाराला कुलूप मीच घातलेलं.

मी दिंड मोडलं, तुपात बुडवलं आणि तोंडात घातलं. डाव्या बाजूनं चावत राहिले. ती माझ्या तोंडाकडं बघत होती, पापणी न हलवता. त्या बघण्यात माया नव्हती. गिळलं. भीती होती तिथंच होती, मी परत मोडलं. एक दिंड संपलं. दुसरं घेतलं, तेही सगळ्यांसमोर सावकाश संपवलं.

"जायफळ जास्त झालंय," मी म्हणाले.

पियूनं ताटभर पसरलेलं दिंड बोटांनी गोळा केलं.

"बघू," ती म्हणाली, आणि तिनं घास घेतला.